ब्रह्मदेवाचं तोंड आणि बोटीचा तळ

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलल्यासारखंच छापलं आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय : 'सजीव कुठून आले? देवाने घडवले की उत्क्रांतीने घडले?' आपल्यातलेच बरेच जण म्हणतील, हा भरल्या पोटाच्या लोकांचा विषय. आपल्याला पाण्याचा नळ पाहिजे, हाताला काम पाहिजे, झोपडीवर येणारा बुलडोझर थांबवायला पाहिजे. माकड आपला कोण लागत होता, याच्याशी आपल्याला काय करायचंय? सवाल रास्त आहे. मी गोदीत कंत्राटावर माल उचलतो, दहावी पास आहे, रात्री कविता लिहितो. विद्वान म्हणून मला इथं कुणी उभं केलेलं नाही. म्हणून या सवालापासूनच सुरुवात करतो.

जगाच्या उगमाची गोष्ट ज्याच्या हातात, कामाची वाटणी त्याच्या हातात. हे परदेशातून आणलेलं ज्ञान नाही, अस्सल इथलं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त घ्या. एका आदिपुरुषाच्या देहातून जग झालं. तोंड म्हणजे ब्राह्मण, बाहू म्हणजे राजन्य, मांड्या म्हणजे वैश्य, आणि पायांतून शूद्र. मनुस्मृतीने तीच वाटणी ब्रह्मदेवाच्या नावावर चढवली आणि तिच्यावर कायदा रचला. आणि आपण? आपण तर पायातसुद्धा नाही. त्या अख्ख्या देहात आपल्याला नखाएवढी जागा नाही. गोष्टीत जागा नाही म्हणून गावात जागा नाही. गावकुसाबाहेर. ही गोष्ट म्हणजे पहिलं मस्टर होतं. पोथी कोण वाचणार, तलवार कोण धरणार, मेलेलं ढोर कोण ओढणार, हे सगळं त्यात जन्माच्या आधीच भरून ठेवलेलं. वर सही कुणाची, तर देवाची. आता करा तक्रार!

म्हणून जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा पहिला घाव इथंच घातला. तोंड, बाहू, मांडी, पाय अशा चार ठिकाणांहून लेकरं जन्मली, तर बाळंतपणाचं जे जे असतं ते चारही ठिकाणी असायला पाहिजे, मग विटाळ कुठं कुठं पाळला, असा रोखठोक हिशेब त्यांनी मागितला. माणसाच्या वंशावळीवरचं डार्विनचं पुस्तक १८७१ चं, 'गुलामगिरी' १८७३ ची. दोन वर्षांचं अंतर. तिकडे जीवशास्त्राने आणि इकडे एका माळ्याच्या पोराने एकाच भिंतीला दोन बाजूंनी पहार लावली. पुढे बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हे पुस्तक जोतीरावांनाच अर्पण केलं, आणि त्यातही आधी पुरुषसूक्ताचीच चिरफाड केली. जगाच्या उत्पत्तीच्या कथा सगळ्या लोकांकडे आहेत. पण उत्पत्तीच्या कथेतच समाजाचे वरचे-खालचे वर्ग कायमचे ठोकून बसवायचे आणि त्याला पवित्र म्हणायचं, ही या सूक्ताची करामत. तेव्हा हा विषय आपला आहे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली होती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या माणसांची गुलामी मोडली. त्याच अमेरिकेत या विषयावर जगातला सगळ्यात गाजलेला खटला झाला. तो नीट समजून घेऊ, कारण त्यात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे आणि आपल्याला फसवणारंही बरंच आहे.

साल १९२५. टेनेसी नावाच्या राज्यात मार्च महिन्यात बटलर कायदा झाला. बायबलात सांगितलेली माणसाच्या उत्पत्तीची कथा नाकारायची नाही, आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून उतरला असं शिकवायचं नाही. शिकवलं तर १०० ते ५०० डॉलर दंड. डेटन या छोट्या गावात जॉन स्कोप्स नावाचा चोवीस वर्षांचा मास्तर या कायद्याला आव्हान द्यायला पुढे झाला. जुलैच्या उकाड्यात खटला चालला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला पुढारी. स्कोप्सच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो. हा डॅरो म्हणजे कामगारांचा वकील. १८९४ च्या रेल्वे संपात कंपनीची नोकरी सोडून संपाचा पुढारी युजीन डेब्ज याचं वकीलपत्र घेणारा माणूस.

डॅरोने शास्त्रज्ञ साक्षीला बोलावले होते. न्यायाधीशाने त्यांचं म्हणणं ज्यूरीच्या कानावर पडू दिलं नाही. मग डॅरोने ब्रायनलाच साक्षीला उभा केला. २० जुलैला, कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर, हजारोंच्या गर्दीपुढे. माशाच्या पोटात माणूस तीन दिवस जिवंत राहिला का? सूर्य एका जागी थांबला का? पहिल्या जोडप्याच्या पोराला बायको कुठून मिळाली? ब्रायनला कबूल करावं लागलं की बायबलातले सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं काही नाही. पण कायदा तो कायदा. स्कोप्स दोषी ठरला, १०० डॉलर दंड झाला. १९२७ साली वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, तीही कशासाठी? दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरवली म्हणून! बटलर कायदा पुस्तकात तसाच राहिला. तो रद्द झाला १९६७ साली. बेचाळीस वर्षं.

आता या खटल्यातल्या दोन गोष्टी मुठीत धरून ठेवा.

पहिली गोष्ट. बंदी कुठं होती? राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांत. श्रीमंताचं पोरगं खाजगी शाळेत जाऊन डार्विन वाचायला मोकळं होतं. बंदी कष्टकऱ्याच्या पोरावर. ज्ञानाला कुलूप लागतं तेव्हा ते नेहमी आपल्याच दाराला लागतं. हे आठवणीत ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ब्रायन हा निव्वळ धर्मवेडा नव्हता. शेतकऱ्यांच्या, गरिबांच्या बाजूने भांडून तो मोठा झाला होता. उत्क्रांतीचं नाव घेऊन बलवान लोक दुबळ्यांना चिरडतील, अशी भीती त्याला होती. ती भीती काही अगदीच हवेतली नव्हती. स्कोप्सच्या वर्गात जे पुस्तक होतं ते हंटर नावाच्या लेखकाचं, १९१४ सालचं, राज्यानेच नेमलेलं. त्यात उत्क्रांती होती, आणि त्याच पुस्तकात माणसांचे पाच वंश मोजून गोरा वंश सगळ्यात वरचा असंही छापलेलं होतं. गरीब आणि गुन्हेगार ठरवलेल्या घराण्यांना त्यात समाजावरची बांडगुळं म्हटलं होतं. त्या वेळी टेनेसीत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. म्हणजे बघा, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात हंटरचं पुस्तक, आणि काळ्या माणसाला दोन्हीकडून लाथ. हे आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही?

इथं आपल्यातला एखादा हुशार म्हणेल, मग जाऊ दे ना, दोन्ही गोऱ्यांची भांडणं. नाही दोस्तहो. इथंच थांबून विचारलं पाहिजे, उत्क्रांती खरोखर म्हणते काय? आणि तिच्या नावावर खपवलं काय?

मी गोदीतलाच दाखला देतो. बोट ड्राय डॉकमध्ये येते, पाणी उपसून काढतात आणि तिचा तळ उघडा पडतो. त्या तळाला काय चिकटलेलं असतं? पांढरे, टणक, चुन्याच्या छोट्या डोंगरासारखे थरच्या थर. इंग्रजीत त्याला बार्नॅकल म्हणतात. खरवडताना हात सोलून निघतात. बघितलं तर दगड वाटतो, फार तर शिंपला. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तो शिंपल्याचाच भाऊबंद वाटत होता. मग १८३० साली थॉमसन नावाच्या माणसाने त्याची पिल्लं पाहिली. ती पाण्यात पोहत होती, पाय मारत होती, आणि थेट खेकड्या-कोळंबीच्या पिल्लांच्या वळणाची होती. म्हणजे हा दगड कोळंबीचा नातेवाईक! लहानपणी पोहतो, मग डोकं टेकवून कायमचा चिकटतो, भोवती घर बांधतो आणि पायांनी अन्न ओढतो. डार्विनने या बार्नॅकलवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली. जगभरातून नमुने मागवून, चिरून, मोजून बघितले. त्याला काय दिसलं? एकाच जातीचे दोन नमुने हुबेहूब सारखे नसतात. सगळीकडे थोडाथोडा फरक. तो फरक म्हणजे देवाची चूक नव्हे, तोच तर सगळा कच्चा माल.

सिद्धान्त एवढाच आहे. पिल्लं जन्मतात ती सारखी नसतात. जगतात त्यापेक्षा जास्त जन्मतात. ज्याला त्या जागी, त्या वेळी आपला फरक उपयोगी पडला तो टिकतो, त्याची लेकरं जास्त, फरक पुढे जातो. हजारो-लाखो पिढ्या असं होत राहिलं की एका कुळाची अनेक कुळं होतात. १८५९ साली डार्विनने हे पुस्तकात मांडलं. वॉलेस नावाच्या, पोटासाठी परमुलखात पाखरं-किडे गोळा करून विकणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोक्याने हाच विचार काढला होता. १८५८ साली दोघांचे लेख लंडनमध्ये एकत्र वाचले गेले.

आता डार्विनचा एक मास्तर सांगतो, जो शाळेच्या पुस्तकात नसतो. १८२६ साली डार्विन एडिंबरोत शिकत होता, सोळा-सतरा वर्षांचा. तिथं जॉन एडमनस्टन नावाचा काळा माणूस राहत होता. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारातला, जन्माने गुलाम, नंतर सुटलेला. मेलेल्या पाखरांची कातडी सोलायची, ती कमवायची, आत पेंढा भरून पाखरू जसंच्या तसं उभं करायचं, हा त्याचा धंदा. डार्विन पैसे देऊन रोज तासभर त्याच्यापाशी शिकला, दोन महिने. पुढे बीगल बोटीवर, १८३१ ते १८३६, डार्विनने पाखरं टिकवून इंग्लंडला आणली, त्यामागे हे कसब होतं. डार्विनने आत्मचरित्रात त्याला भला आणि बुद्धिमान म्हटलंय. पण नाव लिहिलेलं नाही. नाव नंतरच्या संशोधकांनी शोधून काढलं.

मेलेल्या जनावराची कातडी सोलणं! आमच्या बापजाद्यांना ज्या कामासाठी गावाबाहेर हाकललं, तेच काम तिकडे विज्ञानाचं पहिलं बोट धरून बसलं होतं. हाताला अक्कल असते, दोस्तहो. पण नाव लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो. म्हणून म्हणतो, लिहायला शिका.

सृष्टी देवाने एकदाच घडवली म्हणणाऱ्यांचे सवाल ठरलेले असतात. पहिला, 'कुणी पाहिलं?' तर आपण पाहिलंय. आपल्या चाळीत पाहिलंय. टीबीच्या रोग्याला सहा महिने औषध घ्यायला सांगतात. दोन महिन्यांत बरं वाटतं, रोजी बुडते म्हणून तो औषध सोडतो. छातीत कोट्यवधी जंतू असतात, त्यांतले थोडे जन्मानेच असे की औषधाला दाद देत नाहीत. बाकीचे मेले, हे उरले, यांची पिलावळ वाढली. आता तेच औषध पाण्यासारखं. औषधाने जंतूला काही शिकवलं नाही. जे आधीपासून वेगळे होते ते निवडून उरले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईच्या झोपडपट्टीत घराघरांत शिरलाय. उत्क्रांती दिसत नाही म्हणणाऱ्याने या पोरांच्या छातीचे एक्स-रे बघावेत.

दुसरा सवाल, 'मधला दुवा कुठाय?' कच्छमध्ये आहे. देवमासा जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यापासून झाला. चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या, आखूड पाय असलेल्या देवमाशाची हाडं कच्छच्या खडकात सापडली. कच्छच्या नावावरून त्याचं नाव कच्छिसेटस ठेवलं, साल २०००.

तिसरा, 'एवढा वेळ कुठून आणला?' आर्चबिशप अशर याने १६५० साली बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली ठरवला होता. म्हणजे जेमतेम सहा हजार वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, ज्याच्यावर रायगड उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. जिवाच्या सगळ्यात जुन्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांच्या. पहिला जीव नेमका कसा जुळून आला, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही आणि विज्ञान ते उघडपणे सांगतं. १९५३ साली मिलर नावाच्या पोराने काचेच्या भांड्यात वायू भरून ठिणग्या पाडल्या आणि प्रथिनांचे कच्चे घटक तयार होतात हे दाखवलं. तिथून काम चालू आहे. न सुटलेल्या कोड्यावर देवाच्या नावाचा शिक्का मारून फाइल बंद करणं म्हणजे उत्तर नव्हे.

आणि चौथा, सगळ्यात लाडका : 'माकडाचा माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?' अरे, माणूस माकडापासून झाला असं कोण म्हणतंय? चिंपांझी आणि आपण, दोघांचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते. चुलतभावाला कोणी बाप म्हणतं का?

१८३७ साली डार्विनने वहीत एक चित्र काढलं. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या. म्हणजे झाड. त्या झाडावर खेकडा एका डहाळीला, बार्नॅकल दुसऱ्या, आपण तिसऱ्या. आज जो जो जिवंत आहे तो सारख्याच काळाचा प्रवास करून आलाय. झाडाच्या शेंड्यांत वरचा कोण आणि खालचा कोण? पुरुषसूक्त सांगतं उतरंड, मडक्यावर मडकं, खालच्याने वरच्याचा भार वाहायचा. डार्विन काढतो झाड. हंटरच्या पुस्तकाने काय केलं? झाडावर परत उतरंड नेऊन ठेवली. गोरा वर, काळा खाली. डार्विनच्या स्वतःच्या लिखाणातही 'रानटी' लोकांबद्दल त्या काळच्या गोऱ्या साहेबाचीच भाषा आहे, ती आपण झाकायची नाही. पण त्याचा सिद्धान्त त्या साहेबी भाषेपेक्षा मोठा आहे. त्या काळी अमेरिकेतले कवट्या मोजणारे पंडित म्हणत होते की गोरा आणि काळा या मुळातच वेगळ्या निर्मिती. डार्विनने १८७१ साली दाखवलं की सगळी माणसं एकाच कुळाची. तसंच ते 'सगळ्यात लायक तो टिकतो' हे वाक्य. ते मूळ स्पेन्सरचं, १८६४ चं. डार्विनने नंतर उचललं. लायक म्हणजे त्या जागेला जुळणारा. 'बळी तो कान पिळी' असा त्याचा अर्थ शेठजींनी आणि साहेबांनी लावला. त्यांच्या सोयीचा होता ना!

आपल्याकडेही फूटपट्टी आलीच. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाकं मोजली आणि नाकाच्या रुंदीवर जातीची उंची लावली, बंगालवरचं त्याचं पुस्तक १८९१ चं. बाबासाहेबांनी काय केलं? विज्ञान नको म्हणाले नाहीत. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनी तीच मापं, तेच आकडे टेबलावर घेतले आणि दाखवून दिलं की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्याही आधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, पंचविशीतल्या भीमरावांनी निबंध वाचला होता : जात म्हणजे रक्त नव्हे, जात म्हणजे गटाबाहेर लग्न न करण्याची सक्ती. भिंत आधी, भेद नंतर.

आता ऐका. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी भारतातल्या कितीतरी समूहांचे जनुक तपासून निष्कर्ष छापला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले जवळपास सगळे समूह एकमेकांत मिसळले. वरचे म्हणवणारे, खालचे ठरवलेले, जंगलातले, सगळे. त्यानंतर मिसळणं थांबत गेलं आणि गटातल्या गटात लग्नं सुरू झाली. म्हणजे आधी सरमिसळ, मग कुंपण. सृष्टीच्या पहिल्या दिवशी पडलेली वाटणी नाही ही. माणसांनी, तारखेला, हातांनी घातलेलं कुंपण आहे. जे घातलं ते उपटता येतं. बाबासाहेबांनी १९१६ साली विचाराने जे ओळखलं, ते रक्ताच्या थेंबानेही सांगितलं.

आणि तथागतांनी? सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात ते म्हणतात, गवतात, किड्यांत, माशांत, पाखरांत जन्मानेच वेगळ्या खुणा असतात. माणसांत, केसांपासून पायापर्यंत शोधलं तरी, तशी खूण नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जातीला जीवशास्त्राचा सवाल विचारणारा हा माणूस. पण एक पथ्य पाळू. बुद्धाने उत्क्रांती आधीच सांगून ठेवली होती, असं आपण म्हणायचं नाही. तो धंदा दुसऱ्यांचा आहे.

तो धंदा कसा चालतो तेही बघा. जानेवारी २०१८. केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, आपल्याच औरंगाबादेत बोलले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, शाळा-कॉलेजातून हे बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना खोडलं. जानेवारी २०१९. जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू सांगतात, डार्विनपेक्षा दशावतार सरस. मासा, कासव, डुक्कर, म्हणजे उत्क्रांतीच की! अहो, माशापासून कासव जन्मलं का? पिढ्या कुठायत? फरक कुठाय? प्रत्येक वेळी वरून देवच उतरतो. उतरणं वेगळं, उत्क्रांत होणं वेगळं. जोतीरावांनी मत्स्य, कच्छ, वराह यांची झाडाझडती १८७३ सालीच घेतली होती.

आणि मग २०२३. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता. त्यातली उत्क्रांती काढली, नुसती आनुवंशिकता ठेवली. कारण काय, तर कोविडनंतर पोरांवरचा बोजा कमी करायचा. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. तेव्हा उत्तर आलं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! बारावीच्या जीवशास्त्रात. मित्रांनो, आपल्यातली किती पोरं बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोचतात? दहावी झाली की कुणी आयटीआयला, कुणी डिलिव्हरीच्या बॅगेला, कुणी माझ्यासारखा गोदीत. दहावी हा आपल्या शाळेचा शेवटचा दरवाजा. त्या दरवाजातून एखादा धडा उचलून दोन वर्षं पुढे ठेवला, की तो आपल्यासाठी नाहीच. आता टेनेसी आठवा. बंदी कोणाच्या शाळेत होती?

मी राज्य बोर्डाचा. माझ्या दहावीच्या पुस्तकात विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' होता. सरांनी तो एका तासात उरकला. त्यात जातीबद्दल अक्षर नव्हतं. पण सगळी माणसं एका कुळाची हे वाक्य एखाद्या पोराच्या कानावर शाळेत, मास्तरच्या तोंडून, परीक्षेच्या पुस्तकातून पडणं, याची किंमत ज्याने घरी-दारी पायरी ऐकलीय त्यालाच कळते. आणि नुसती आनुवंशिकता शिकवायची, उत्क्रांती गाळायची, याचा अर्थ लक्षात घ्या. बापाचं पोराला मिळतं एवढंच सांगायचं. काळाबरोबर सगळं बदलतं हे सांगायचं नाही. यावर तर मनूचीही हरकत नसती!

अमेरिकेत हे भांडण १९२५ ला संपलं नाही. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्क्रांतीच्या जोडीला 'सृष्टीविज्ञान' शिकवण्याची सक्ती म्हणजे शाळेत धर्म घुसवणं. मग त्या मंडळींनी पाटी बदलली, दुकान तेच. देव म्हणायचं नाही, 'बुद्धिमान रचनाकार' म्हणायचं. २००५ साली पेनसिल्वेनियातल्या डोव्हर गावचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या पुस्तकाचे जुने खर्डे कोर्टात निघाले. आधी 'सृष्टीवादी' होतं तिथं १९८७ च्या निकालानंतर 'रचनावादी' घातलेलं! कोर्टाने तेही दुकान बंद केलं. आणि तो खटला कोणी लावला होता? त्या शाळेतल्या पोरांच्या आईबापांनी. साध्या माणसांनी. हे आपल्याला जमण्यासारखं आहे. आपल्या संविधानात वैज्ञानिक दृष्टी जोपासणं हे १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, कलम ५१ क. ते कर्तव्य सरकारलाही आठवून द्यायचं असतं.

कामाचं बोलतो. एक, या वस्तीतल्या दहावीच्या पोरापोरींना, मग त्यांचं बोर्ड कुठलंही असो, दर रविवारी उत्क्रांतीचा धडा आपण इथं शिकवायचा. आपल्यात बी.एस्सी. झालेल्या तिघी आहेत, त्यांनी पुढे यावं. दोन, पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकातून काय गेलं, काय आलं, याची दरसाल यादी करायची आणि पालकांच्या सभेत विचारायचं. लेखी. तीन, रक्ताच्या शुद्धतेची भाषा कुठंही ऐकू आली, दुसऱ्यांच्या लग्नात किंवा आपल्याही घरात पोटजातीच्या नावाने, तर तिथंच तोडायची. कुंपण फक्त त्यांनीच घातलेलं नाही, त्याचे काही खुंट आपल्याही अंगणात आहेत.

तोंडातून जन्मल्याचा दावा करणाऱ्यांनी हजारो वर्षं आपलं तोंड बंद ठेवलं. आता विचारायचं. वर्गात, कोर्टात, रस्त्यावर, कवितेत. देवाच्या सहीचं ते मस्टर खोटं आहे, हे कातळ सांगतो, कच्छची हाडं सांगतात, टीबीचा जंतू सांगतो, बोटीच्या तळाला चिकटलेला तो पांढरा दगडही सांगतो. साक्षीदार एवढे आहेत. ते वाचता येणारी आपली पोरं तेवढी पाहिजेत.

जय भीम.